मराठीने सुटला, कागदाने नाही

माझ्या मावसभावाचा मुलगा सेंट्रिंगच्या कामावर आहे. बाप सिंगरेणीच्या खाणीत होता, पण ती नोकरी पोरापर्यंत काही आली नाही. मग बारावी झाल्यावर तो बेल्लमपल्लीहून निघाला आणि महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरात ठेकेदाराकडे लागला. २०२५ च्या जूनमध्ये एका पहाटे त्यांच्या साइटवर पोलीस आले. पत्र्याच्या खोल्यांतून सगळ्यांना उठवलं, मोबाईल काढून घेतले आणि अठरा जणांना गाडीत बसवून नेलं. कशासाठी ते गाडीत बसल्यावर कळलं. बांगलादेशी शोधायचेत म्हणे.

ठाण्यात याने आधार दाखवलं. त्यावर बेल्लमपल्ली, जिल्हा मंचेरियाल, राज्य तेलंगणा. पाकिटात दहावीच्या मेमोची झेरॉक्स होती. तिच्यावर जिल्हा आदिलाबाद, राज्य आंध्र प्रदेश. आधारवर आडनाव आधी, मेमोवर नुसतं आडनावाचं एक इंग्रजी अक्षर. हवालदाराने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, राज्यं दोन, जिल्हे दोन, नावं दोन, मग तू नक्की कोण?

पोरगा वैतागला आणि घरी बोलतो तशा मराठीत भडाभडा बोलायला लागला. आतून साहेब बाहेर आले. "कुठला रे तू?" "साहेब, आमचं मूळ किनवटकडचं." "मग आधी बोलायचं ना!" चहा मिळाला, अकराच्या सुमारास सोडून दिलं.

त्याच्या खोलीत राहणारे मालदा जिल्ह्यातले सहा जण मात्र तिथेच राहिले. त्यांच्याकडेही आधारच होतं, याच्यासारखंच. एकाकडे तर बापाच्या नावच्या जमिनीच्या कागदाची झेरॉक्स होती. ते चौथ्या दिवशी सुटले, गावच्या पंचायतीतून व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र आलं तेव्हा. चार दिवसांत ना वकील, ना कोर्ट, ना घरी फोन.

दिवाळीला आला तेव्हा पोरगा हे सगळं हसत हसत सांगत होता. "काका, मराठीने वाचवलं बघा." घरातले पण हसले. मला हसू आलं नाही. कारण नीट बघा, तो कागदाने सुटला नाही. कागदाने तर तो अडकलाच होता. तो सुटला साहेबांच्या कानाला त्याची बोली ओळखीची वाटली म्हणून. आणि जो कानाने सुटतो तो उद्या कानानेच पकडलाही जाऊ शकतो.

आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षी या धरपकडीच्या बातम्या फिरत होत्या तेव्हा खाली काय काय लिहिलं जात होतं ते मी वाचलंय. "बरं झालं", "हाकला सगळ्यांना". लिहिणारे आपलेच, सीमाभागातले मराठी लोक. त्यांच्यासाठी हे लिहितोय. चिडून नाही, पण स्पष्ट.

आधी त्या बातम्यांमागे काय होतं ते बघू. जून २०२५ मध्ये मीरा रोडच्या बाजूला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका माणसाला पोलिसांनी बांगलादेशी समजून उचललं. बंगालमधून त्याचे कागद पाठवले गेले, असं त्याच्या घरच्यांनी आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. तरीही त्याला सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात दिलं गेलं आणि रातोरात सीमेपलीकडे ढकललं. महाराष्ट्रातून पकडलेले बंगालचे आणखी काही मजूर याच तऱ्हेने पलीकडे गेले. मग बंगाल पोलिसांनी हे आमचेच आहेत म्हणून कळवलं आणि दोन-चार दिवसांत त्यांना परत आणावं लागलं. म्हणजे पडताळणी झाली, पण माणूस देशाबाहेर टाकून झाल्यावर.

दुसरी गोष्ट दिल्लीतली. बीरभूम जिल्ह्यातली एक बाई, पोटुशी, नवरा आणि लहान मुलगा बरोबर. जून २०२५ मध्येच उचललं आणि आठवडा व्हायच्या आत सीमेपलीकडे. तिकडे बांगलादेशच्या पोलिसांनी त्यांना भारतातून आलेले घुसखोर म्हणून तुरुंगात टाकलं. इकडे बाप कलकत्ता उच्च न्यायालयात गेला. २६ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाने ती हद्दपारी रद्द केली आणि चार आठवड्यांत परत आणा म्हणून सांगितलं. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, माणुसकीच्या नात्याने म्हणून, ती बाई आणि तिचा मुलगा परत आले. नवरा तेव्हाही तिकडेच होता. घालवायला आठवडा लागला नाही, आणायला पाच महिने लागले.

या निकालातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २ मे २०२५ ला राज्यांना एक सूचना दिली होती. संशयित माणूस आपण अमुक राज्यातला भारतीय आहे असं म्हणत असेल, तर त्या राज्याकडे विचारणा करायची, त्यांनी तीस दिवसांत चौकशी करून कळवायचं. म्हणजे सरकारच्या स्वतःच्या कागदावरच तीस दिवस लिहिलेत. न्यायालयाने बोट ठेवलं ते यावरच: तुमचीच पद्धत तुम्ही पाळली नाही, घाई केली.

हे काही कालपरवाचं नाही. १९९८ मध्ये मुंबईत जरीकाम करणाऱ्या बंगाली कारागिरांना बांगलादेशी म्हणून पकडून कुर्ला-हावडा गाडीत बसवलं होतं. बंगालमध्ये उलुबेरिया स्टेशनवर लोकांनी गाडी अडवली आणि त्यांना उतरवून घेतलं. त्याच्याही आधी मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांतल्या मतदारांना नोटिसा गेल्या होत्या की नागरिक असल्याचं सिद्ध करा, नाहीतर यादीतून नाव जाईल. पोलीस मागत होते ते कागद मोजकेच: जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. झोपडपट्टीत ते कुणाकडे असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ चा लाल बाबू हुसेन निकाल तो हाच. न्यायालय म्हणालं, ज्याचं नाव आधीच्या यादीत आहे त्याची तपासणी तेव्हा झाली असं धरायला हवं. आता शंका असेल तर शंकेचं कारण त्याला सांगा, त्याचं म्हणणं ऐका, तो देईल तो पुरावा बघा, चार ठरावीक कागदांवर अडून बसू नका.

तीस वर्षं झाली या निकालाला. ठाण्याच्या बाकावर बसलेल्या किती पोरांना तो माहीत असेल?

आता आपल्याकडे वळू.

बेल्लमपल्लीतल्या माझ्याच घराचं उदाहरण घ्या. माझे आजोबा इथे आले तेव्हा हे निजामाचं हैदराबाद संस्थान होतं. वडील शाळेत गेले तेव्हा हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले, किनवट आणि राजुरा मुंबई राज्याकडे गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात. २ जून २०१४ ला आम्ही तेलंगणात आलो. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्हे फोडले तेव्हा बेल्लमपल्ली आदिलाबादमधून मंचेरियालमध्ये गेली. या सगळ्यात आमचं घर एक फूटभर हललेलं नाही. पण वडिलांच्या, माझ्या आणि मुलाच्या कागदावर तीन वेगवेगळी राज्यं आहेत. मुलाला हे ठाण्यात समजावून सांगायचं असेल तर आधी राज्य पुनर्रचनेचा इतिहास सांगावा लागेल, आणि पहाटे चार वाजता तो ऐकायला कोण बसलंय?

नावाचं तर विचारूच नका. आपण नाव, बापाचं नाव, आडनाव असं लिहितो. इकडच्या शाळेत आडनाव आधी, तेही एका अक्षरात. जाधवचं इंग्रजीत 'एच' घालून आणि न घालून दोन्ही होतं. लताला इकडे इंग्रजीत 'टी'पुढे 'एच' लावतात, कारण तेलुगू वळणाने 'त' तसाच लिहितात. ती पुढे लग्न होऊन चंद्रपूरला गेली की तिकडचा कारकून तिला 'लथा' वाचतो आणि मराठीत तसंच उतरवतो. झाली ना दोन माणसं! माझ्या बायकोची रेशनकार्डावर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. शाळेतली मास्तरांनी अंदाजाने टाकलेली, १ जूनची. तुमच्या घरात पण १ जूनवाले दोन-तीन असतीलच.

आणि जिवती तालुक्यातल्या त्या चौदा गावांचं काय सांगावं. परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा, महाराजगुडा. तिथे एका घरात दोन राज्यांची रेशनकार्डं, दोन राज्यांची मतदार ओळखपत्रं, गावात दोन ग्रामपंचायती. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातलं प्रकरण संपलं आणि गावं महाराष्ट्राची ठरली, तरी तेलंगणाचा कारभारही सुरूच राहिला. लोकांनी दोन्हीकडचं घेतलं, कारण दोन्हीकडून मिळत होतं आणि एकाही बाजूचं पूर्ण पुरत नव्हतं. कायद्याने दोन मतदार याद्यांत नाव असणं गुन्हा आहे, हे तिथल्या पोरांना कळत नाही असं नाही. पण हा घोळ त्यांनी घातलेला नाही. तिथला एखादा पोरगा पुण्यात कामाला गेला आणि त्याच्या खिशात दोन राज्यांची दोन कार्डं सापडली, तर समोरचा काय समजेल? बनावट कागदवाला. दुसरं काय?

म्हणून मला ते "हाकला सगळ्यांना" वाचून भीती वाटते. त्या बंगाली मजुरांना ज्या चाळणीने चाळलं जातंय त्या चाळणीतून सीमाभागातला माणूस कधीच सुरळीत जाणार नाही. आज मराठी येते म्हणून महाराष्ट्रात वाचतो. तोच पोरगा उद्या गुजरातला किंवा दिल्लीला गेला, तिथे त्याची तेलुगू वळणाची हिंदी ऐकून कुणी काय ठरवेल, कोण जाणे.

मग कायदा काय म्हणतो? इथे मला गोड बोलता येणार नाही. कायदा अर्धा आपल्या विरुद्ध आहे. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याचं कलम ९ असं होतं की एखादा विदेशी आहे की नाही हा प्रश्न आला, तर विदेशी नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच. तो कायदा गेला, नवा इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा २०२५ आला, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. पण ही जबाबदारी त्यातही तशीच ठेवली आहे. चोरीच्या खटल्यात सरकारने गुन्हा सिद्ध करायचा असतो. इथे उलटं.

पण या उलट्या नियमालाही एक उंबरठा आहे, आणि तो आपल्याला पाठ पाहिजे. ११ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रहीम अली विरुद्ध आसाम सरकार या खटल्यात निकाल दिला. न्यायालय म्हणालं की सिद्ध करायची जबाबदारी माणसावर आहे हे मान्य, पण ती जबाबदारी सुरू कधी होते? सरकारकडे काहीतरी ठोस माहिती असेल आणि ती त्या माणसाला दिली असेल तेव्हा. उठून कुणाचंही दार वाजवायचं आणि मला तुझा संशय आहे, आता सिद्ध कर, असं म्हणता येत नाही. नुसता आरोप म्हणजे पुरावा नव्हे. याच निकालात नावांच्या स्पेलिंगबद्दलही लिहिलंय. आपल्या देशात एकच नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं लिहिलं जातं, प्रादेशिक भाषेतून इंग्रजीत आणताना फरक पडतो, तारखा इकडच्या तिकडे होतात, एवढ्यावरून कुणाला परदेशी ठरवता येणार नाही. 'लता' आणि 'लथा' यांच्यासाठी याहून मोठा आधार कुठला पाहिजे!

या निकालाची शोकांतिका अशी की ज्याच्या नावाने तो आहे, तो माणूस निकालाच्या अडीच वर्षं आधीच वारला होता. न्यायालयाला ते ठाऊकही नव्हतं. जवळजवळ दहा वर्षं विदेशी हा शिक्का घेऊन जगला आणि भारतीय ठरला तेव्हा तो नव्हता.

आता आधारचं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असं पोलीस म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं लिहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामिनाच्या प्रकरणात सांगितलं की नुसतं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक होत नाही. ठीक आहे. पण मग कोणता कागद? या देशात सर्वसामान्य माणसाला नागरिकत्वाचं कार्ड सरकारने आजपर्यंत दिलेलंच नाही. जन्मदाखला म्हणाल, तर वडिलांच्या पिढीत बाळंतपणं घरात व्हायची, नोंद कुणी केली? उशिरा नोंद करून घ्यावी, तर महाराष्ट्रात २०२५ मध्ये मालेगावपासून उशिराच्या जन्मदाखल्यांची चौकशी लागली आणि नायब तहसीलदारांनी दिलेले दाखले रद्द करायचं सरकारने ठरवलं. त्यात खोटे दाखले असतील, नाही म्हणत नाही. पण खरेही होते. कागद नाही म्हणून हाकला, आणि कागद काढला तर आत्ताच का काढलास म्हणून पुन्हा संशय.

इंग्लंडमध्ये असंच झालं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ पासून, वेस्ट इंडीजच्या बेटांवरून हजारो लोक तिकडे कामाला गेले. कायद्याने ते तिथे राहायच्या पूर्ण हक्काचे होते. पुढे सरकारने नियम कडक केले आणि साठी-सत्तरीच्या या लोकांना विचारायला लागले, तुम्ही आलात कधी, कागद दाखवा. आणि ते लोक बोटीतून उतरले तेव्हाची नोंदकार्डं सरकारनेच २०१० मध्ये नष्ट केली होती. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, दवाखाने बंद झाले, काहींना कोठडीत ठेवलं, निदान ८३ जणांना देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा गृहमंत्री बाईंना राजीनामा द्यावा लागला. हे सगळं कागद नीट ठेवणाऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात. आपल्याकडे तर तालुका कचेरीतल्या कपाटाला वाळवी.

आता "मग काय घुसखोरांना राहू द्यायचं का?" हा प्रश्न येणारच. नाही. बेकायदा आलेल्याला परत पाठवायचा अधिकार सरकारला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की आधी ठरवा, मग पाठवा. समोरचा देश तो आमचा आहे म्हणेल, त्याला कबूल करून घेईल, मग तो जाईल. रात्री काळोखात काटेरी तारेपलीकडे ढकलणं याला पाठवणं म्हणत नाहीत. आणि जो खरंच बांगलादेशी आहे त्यालाही जिवाचा हक्क आहे, घटनेचं कलम २१ फक्त नागरिकांपुरतं नाही. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलंय. परदेश्याला मिळणारी ही किमान वागणूक टिकली तरच आपल्यासारखा नागरिक त्या गर्दीतून वेगळा निघू शकतो. त्याच्यासाठीचं कोर्ट बंद केलं की आपल्यासाठीचंही बंद होतं, कारण दारात उभं असताना तो कोण आणि आपण कोण हेच तर ठरायचं असतं.

माझ्या पुतण्याच्या खोलीतल्या पोरांवर जे झालं ते या हिशोबात बसवून बघा. चार दिवस. घटनेचं कलम २२ सांगतं की पकडलेल्या माणसाला का पकडलं ते सांगा, त्याला त्याच्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७ आणि ५८ मध्ये हेच आहे, घरच्यांना कळवायचं कलम ४८ मध्ये. कलम २२ मधून शत्रुराष्ट्राचे लोक आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेतले वगळले आहेत. रस्त्यावरच्या संशयितांना वगळलेलं नाही. पण ठाण्यात यावर एक साधा उतारा असतो: "अटक नाहीये, नुसती चौकशी आहे." चौकशीला आणलेला माणूस उठून घरी जाऊ शकला पाहिजे. जाऊ देत नसाल तर ती अटकच, तिला नाव काहीही द्या. हे वाक्य वकिलाने म्हटलं तर ठाण्यात फरक पडतो. मजुराने म्हटलं तर थोबाडीत बसते, हेही मला माहीत आहे. म्हणून वकील लवकर पोचणं महत्त्वाचं.

तेव्हा बाहेरगावी पोरं असलेल्या घरांसाठी थोडं व्यवहाराचं.

मोबाईलवर कागद ठेवून भागत नाही. पहिल्या पाच मिनिटांत मोबाईल जातो. झेरॉक्सचा एक गठ्ठा साइटवर आणि एक गठ्ठा घरी, जो धावपळ करू शकेल अशा माणसाकडे. गृह मंत्रालयाच्या सूचनेप्रमाणे विचारणा आपल्या राज्याकडे येणार, म्हणजे शेवटी मंचेरियालला येणार, आणि तिथून खाली आपल्या वॉर्डात. तेव्हा मुलाला ओळखणारं कोण आहे, नगरपालिकेत नोंद कुठे आहे, शाळा कोणती, हे घरच्या माणसाला तोंडपाठ पाहिजे. पोरगा आतमध्ये काही करू शकत नाही. करायचं ते घरच्याने.

कागद कोणते? जन्मतारखेवर अवलंबून आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आईबाप कोण हे बघायचं नाही. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मला असेल तर आईबापांपैकी एक नागरिक पाहिजे. त्यानंतरच्या मुलांना दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नाही, असं पाहिजे. म्हणजे पंचविशीतल्या पोराला स्वतःच्या कागदाबरोबर बापाचाही कागद लागतो. सिंगरेणीत नोकरी केलेल्यांच्या घरी सर्व्हिसचे कागद असतात, त्यावर बापाचं नाव, गाव, जन्मतारीख असते. ते रद्दीत घालू नका. आजोबांच्या काळची मतदार यादी, जमिनीचा जुना उर्दूतला कागद, काहीही.

नावांत फरक असेल तर आत्ताच, निवांत असताना, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. पकडल्यावर केलेल्या प्रतिज्ञापत्राला किंमत कमी. आणि मंचेरियाल आधी आदिलाबादमध्ये होतं, हे दाखवणाऱ्या सरकारी आदेशाची एक प्रत गठ्ठ्यात असू द्या. हसू येईल, पण त्या हवालदाराला तेवढंच हवं होतं.

कोणाला उचललं असं कळलं तर पहिला फोन १५१००. ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे, देशभर चालते. कोठडीतल्या माणसाला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळायचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलाय. ज्या जिल्ह्यात पकडलं तिथल्या प्राधिकरणाला कळवायचं, इथल्या नव्हे. चोवीस तास उलटले आणि माणूस कुठे आहे तेच सांगत नसतील तर त्या राज्याच्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस. बीरभूमच्या त्या बापाने तेच केलं होतं. श्रीमंत माणूस नव्हता तो.

आणि आपल्या भागातल्या कुणाला असं बसवून ठेवलं असेल, सोडलं असेल तरीसुद्धा, लिहून ठेवा. ठाणं कोणतं, तारीख, किती वाजता नेलं, किती वाजता सोडलं, बरोबर कोण कोण होतं, काय विचारलं, सहीसाठी कोरा कागद पुढे केला का. माझ्या पुतण्याकडून मी हे सगळं दोन पानांत लिहून घेतलंय. त्या मालद्याच्या पोरांची नावं आणि गावं त्याला आठवत होती, तीही लिहिली. त्यातले दोघे परत त्याच ठेकेदाराकडे आलेत. चौघे आले नाहीत.